खाडाखोड नसलेली वही

चौथीतली एखादी मुलगी निबंधात एक शब्द चुकला म्हणून अख्खं पान फाडते आणि सगळं पुन्हा लिहून काढते. दुसऱ्या खेपेला एक वेलांटी मनासारखी येत नाही, म्हणून तिसरी खेप. रात्रीचे साडेदहा वाजतात. आई म्हणते, "अगं, छान आलंय, झोप आता." ती झोपत नाही. सकाळी बाई त्या वहीवर लाल शाईनं 'उत्तम' लिहितात आणि वही वर्गभर फिरवतात. घरीदारी कौतुक होतं: किती नेटकी, किती समजूतदार, हिला अभ्यासाला बस म्हणून कधी सांगावं लागत नाही.

अशा असंख्य मुली मोठ्या होतात, आपापल्या कामात नाव काढतात आणि जेवणाशी त्यांचं काही वाकडं नसतं. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढचं वाचून कुणी आपल्या टापटीप लेकीकडे संशयानं बघू नये. पण सतरा-अठराव्या वर्षी ॲनोरेक्सियानं, म्हणजे खाणं तोडत तोडत वजन धोक्याइतकं उतरवणाऱ्या आजारानं, खंगलेली मुलगी समोर येते, तेव्हा जाणते समुपदेशक वजन, पाळी, जेवणाच्या वेळा विचारून झाल्यावर मागे मागे जातात, पार आठ-नऊ वर्षांच्या वयापर्यंत. वह्या कशा असायच्या? पेन्सिली एका रेषेत लावायची का? खेळात कुणी नियम मोडला तर रडायची का? ठरलेला बेत ऐनवेळी बदलला तर तिचा अख्खा दिवस खराब व्हायचा का?

२००३ साली लंडनमधल्या संशोधकांनी खाण्याचा विकार असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांना त्यांच्या लहानपणाबद्दल नेमकं हेच विचारलं होतं. पाच गोष्टी मोजल्या: सगळं बिनचूक हवं हा ध्यास, ताठरपणा, नियमांना घट्ट चिकटून राहणं, सतत शंका आणि अतिसावधपणा, आणि वस्तू ठरावीक रचनेत असण्याची गरज. यातली एकेक गोष्ट वाढत गेली तशी विकाराची शक्यता जवळजवळ सात पटींनी वाढत गेलेली दिसली. आकडा दचकवणारा आहे, पण तो आठवणींवर उभा आहे आणि आजारी माणसाच्या आठवणींना आजाराचा रंग लागलेला असतो. म्हणून या प्रश्नांची उत्तरं एकट्या मुलीकडून घेऊ नयेत. आई, मावशी, मोठी बहीण, जमलं तर जुन्या वर्गशिक्षिका यांनाही विचारावं.

'परफेक्शनिस्ट' हा शब्द आता लोक नोकरीच्या मुलाखतीत स्वतःबद्दल अभिमानानं वापरतात, त्यामुळे त्याची धार गेली आहे. मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ३५ विधानांची एक प्रश्नावली केली आणि या एका शब्दाचे सहा तुकडे केले. चुकांची धास्ती, आपण केलेल्या कामाबद्दल शंका, स्वतःसाठी ठेवलेली उंच पट्टी, आईवडिलांच्या अपेक्षा, आईवडिलांची टीका आणि टापटीप. हे वेगवेगळं मोजल्यामुळे मोठा उलगडा झाला. २००३ मध्येच अमेरिकेत हजारावर जुळ्या बहिणींवर झालेल्या अभ्यासात ॲनोरेक्सिया आणि बुलिमिया (भरमसाट खाऊन मग ते उलटी करून किंवा उपाशी राहून भरून काढण्याचा आजार) यांच्याशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते चुकांच्या धास्तीचं आणि शंकेचं. त्यातही चुकांची धास्ती इतर मानसिक आजारांपेक्षा खाण्याच्या विकारांतच ठळकपणे दिसली.

मला हा फरक फार मोलाचा वाटतो. उंच पट्टी ठेवणारी मुलगी आणि चुकीला घाबरणारी मुलगी बाहेरून सारख्याच दिसतात, दोघींची वही तितकीच सुंदर असते. फरक निकालाच्या दिवशी कळतो. शंभरापैकी ९६ मिळाल्यावर पहिलीला आनंद होतो, मग ती उरलेल्या चारांचा विचार करते. दुसरीला आनंद होतच नाही, फक्त सुटका वाटते, तीही संध्याकाळपर्यंत टिकते. तिच्या मनात एक हिशोब चालू असतो आणि त्यात जिंकण्याची सोयच ठेवलेली नसते: पट्टी गाठली नाही तर मी वाईट, गाठली तर पट्टीच कमी होती. मग पट्टी वर जाते. ऑक्सफर्डमधल्या उपचारतज्ज्ञांनी २००२ च्या सुमारास या हिशोबाचं नीट वर्णन केलं आणि पुढे त्यावर वेगळे उपचार बसवले.

आता हीच मुलगी मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला किंवा पुण्याला येते. घर सुटलेलं, मेसचं जेवण परकं, वर्गात सगळ्याच पहिल्या नंबरच्या. दर रविवारी चाचणी, दर सोमवारी यादी. मार्क कधी चढतात, कधी पडतात, ते पूर्णपणे तिच्या हातात नाहीत. वजनाचा काटा मात्र रोज सकाळी निकाल देतो आणि या विषयात मेहनत केली की मार्क हमखास मिळतात असं सुरुवातीला तरी वाटतं. मैत्रिणी म्हणतात, "कसली बारीक झालीयेस!" दिवाळीला घरी आल्यावर काकू तेच म्हणते. ज्या स्वभावानं वहीचं पान फाडलं होतं, तोच आता ताटातून एकेक पदार्थ वजा करत जातो. आधी गोड, मग तेलकट, मग भात, मग रात्रीचं जेवण. नियम वाढतात, सवलत एकही नसते. चुकांची धास्ती विषय बदलून ताटावर येऊन बसते.

धास्तीचं मूळ बहुधा याहून जुनं असतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात खाण्याचा विकार असलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींना आयुष्यात कधी ना कधी चिंतेचा एखादा विकार होता आणि बहुतेकींत तो खाण्याच्या तक्रारींच्या आधी, बालपणीच सुरू झालेला होता. यात जनुकांचाही वाटा आहे. २०१९ मध्ये जवळपास १७ हजार ॲनोरेक्सियाच्या रुग्णांची जनुकं तपासली गेली, तेव्हा मंत्रचळाच्या (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या) आजाराशी त्यांचं नातं स्पष्ट दिसलं, चयापचयाशीही दिसलं. ज्या आया रात्र रात्र 'माझंच काही चुकलं' म्हणत बसतात, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. स्वभावाची माती मुलगी बरीचशी जन्मतःच घेऊन येते. वरून पाऊस कुठला पडेल, यातलं थोडंच आईच्या हातात असतं.

पण खाण्याचा विकार म्हणजे काटेकोर मुलींचाच आजार, ही समजूत दुसऱ्या एका गटावर अन्याय करते. २००१ मध्ये ड्रू वेस्टन आणि जेनिफर हार्नडेन-फिशर यांनी रुग्णांच्या स्वभावाचे तीन गट मांडले होते. एक हुशार, कामसू, स्वतःवर कडक टीका करणारा. दुसरा आक्रसलेला, भावना दाबून टाकणारा, आनंदालाही कुलूप लावणारा. आणि तिसरा भावनांच्या लाटेत वाहून जाणारा, उतावळा. ॲनोरेक्सिया मुख्यतः पहिल्या दोहोंत सापडतो, बुलिमिया पहिल्यात आणि तिसऱ्यात.

तिसऱ्या गटातल्या मुलीला घरात 'तापट' किंवा 'हळवी' म्हणतात. तिचा उतावळेपणा सरसकट नसतो. आनंदात असताना ती नीट विचार करून वागते. मन दुखावलं की मात्र त्या क्षणी काहीतरी करून ती वेदना थांबवायचीच, अशी तिची घाई होते. उतावळेपणाच्या निरनिराळ्या प्रकारांमध्ये बुलिमियाशी सर्वांत जवळचं नातं याच घाईचं आहे. तिचा दिवस उलगडून पाहिला तर साखळी ठरलेली दिसते. सकाळी नाश्ता टाळला, दुपारी डबा अर्धा परत आला, सहाला घरी येताना मैत्रिणीचा तुटक मेसेज वाचला. सातला घरात कुणी नाही. मग हाताला लागेल ते, चव न घेता, पोट दुखेपर्यंत. त्यानंतर प्रचंड लाज, ते खाणं कसंही करून भरून काढण्याची धडपड आणि 'उद्या काहीच खायचं नाही' ही शपथ. त्या शपथेतच उद्या संध्याकाळची साखळी सुरू होते. तिला आणि घरच्यांना वाटतं, गुन्हेगार संध्याकाळचे सात आहेत. खरा धागा सकाळच्या रिकाम्या ताटलीपाशी असतो.

इथे एक मोठी गल्लत होते आणि ती डॉक्टरांकडूनही होते. उपाशी माणसाचा स्वभाव पाहून त्याचं निदान केलं जातं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी, मनानं खंबीर तरुण निवडले आणि त्यांना २४ आठवडे अपुऱ्या आहारावर ठेवलं. हे सगळे पुरुष होते आणि बारीक व्हायची हौस त्यांच्यातल्या कुणालाच नव्हती. काही महिन्यांत ते चिडचिडे, एकलकोंडे, उदास झाले. पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले, एकेक घास चघळत तासन्‌तास ताटावर बसू लागले, बोलण्यात अन्नाशिवाय विषय उरला नाही. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर काही जण थांबताच येत नाही असं खाऊ लागले. हट्ट, विधी, तुटकपणा, खोटं बोलणं हे सगळं ज्या मुलीच्या 'स्वभावात' लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं भुकेनं लिहिलेलं असतं. म्हणून वजन आणि जेवण काही महिने स्थिरावल्याशिवाय कुणाच्याही कागदावर 'व्यक्तिमत्त्वाचा विकार' हे शब्द लिहू नयेत, असं माझं ठाम मत आहे. आठ वर्षांची असताना ती कशी होती, हे विचारायचं तेही यासाठीच. ते वय भुकेच्या आधीचं असतं.

आपल्याकडे या आजाराला अजून घरगुती नाव नाही. 'नखरे' म्हणतात, 'डाएटचं खूळ' म्हणतात. शिवाय आपल्याकडे जेवण नाकारायला एक आदरणीय वाट आहे, उपवास. आधी फक्त चतुर्थी, मग सोमवार आला, मग गुरुवार, मग नवरात्र नुसत्या पाण्यावर. अशा मुलीला कुणी टोकत नाही, उलट तिच्या पाया पडायला शेजारीण येते. श्रद्धेचा उपवास आणि आजाराचा उपवास ओळखण्याची एक खूण आहे. श्रद्धेच्या उपवासाला पारणं असतं. संध्याकाळी चंद्रोदय झाला की मोदकाची वाट पाहिली जाते, ताटाभोवती सगळे जमतात. आजाराचा उपवास सुटायची वेळ आली की मुलीचा चेहरा उतरतो, तिला नेमकं तेव्हाच काम आठवतं.

भारतीय मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. 'मला जाड व्हायची भीती वाटते' हे वाक्य सगळ्याच म्हणत नाहीत. कित्येक जणी पोट भरल्यासारखं वाटतं, मळमळतं, घास जातच नाही, एवढंच सांगतात. मग सोनोग्राफी होते, एंडोस्कोपी होते, रिपोर्ट चांगले येतात आणि सहा महिने निघून जातात. परदेशी प्रश्नावल्याही इथे जपून वापराव्या लागतात. २६ प्रश्नांच्या एका प्रसिद्ध चाचणीत २० किंवा जास्त गुण आले की पुढे तपासणी करावी असा दंडक आहे. १९८९ मध्ये उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींवरच्या अभ्यासातून दिसलं की मुलींनी त्यातल्या काही प्रश्नांचा अर्थ उपवास आणि रीतभात यांच्या अंगानं घेतला असावा. आकडा आला की थांबू नये, त्या प्रश्नाला 'हो' का म्हणालीस, एवढं विचारावं.

तपासणीचं थोडक्यात. स्वभाव, मन, नाती हे सगळं नंतर, आधी शरीर. बसून आणि उभं राहून नाडी व रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर. जागेपणी नाडी ५० च्या खाली, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी, बेशुद्धी, छातीत धडधड यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. उलट्यांमुळे पोटॅशियम उतरलं तर हृदयाची लय बिघडते, आणि हे वजन अगदी 'नॉर्मल' दिसणाऱ्या मुलीतही घडतं. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले म्हणून आजार नाही असंही होत नाही. शरीर फार दिवस झाकून नेतं. खूप दिवस उपाशी असलेल्या मुलीला घरीच एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं. फॉस्फेट झपाट्यानं घसरू शकतं, म्हणून पहिले आठ-दहा दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली जावेत.

यानंतरच्या उपचारांत स्वभाव पावलोपावली आडवा येतो आणि नीट ओळखला तर मदतीलाही येतो.

पहिलं काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. दिवसात तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा खाणं, आणि दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. सकाळी पोहे किंवा उपमा, अकराला काहीतरी, दीडला डबा, पाचला खाणं, साडेआठला जेवण, झोपताना दूध. तापट, हळव्या मुलीची संध्याकाळची साखळी यानंच सर्वांत आधी सैल होते. भरमसाट खाण्याच्या इच्छेची लाट आलीच तर पंधरा मिनिटं थांबायचं, एकटीनं नाही, कुणाशी बोलत. पण सकाळचं ताट रिकामं ठेवून संध्याकाळी लाटेशी झुंजायला सांगणं म्हणजे तिला हरण्यासाठी पाठवणं. जेवण स्थिरावल्यावरही भावनांची वादळं येत राहिली, तर डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीसारखं त्या वादळांवरच काम करणारं शिक्षण तिला उपयोगी पडतं.

काटेकोर मुलीच्या हातात हेच वेळापत्रक दिलं की आठ दिवसांत त्याचा नवा तुरुंग होतो. ती भात वाटीनं मोजते, मग वाटी काट्यावर ठेवते, पाचचं खाणं पाच वाजून दहा मिनिटांनी झालं तर दिवस फसला म्हणून पुढचं जेवण टाळते. 'बरं होणं' या विषयातही तिला पैकीच्या पैकी हवे असतात. म्हणून तिच्या बाबतीत वेळ ठरवायची आणि माप मात्र तिच्याकडून काढून घ्यायचं. ताट आई किंवा बाबा वाढतील. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात रुजलेल्या कुटुंबाधारित उपचाराचा पहिला टप्पा नेमका हाच असतो: काय आणि किती हे पालक ठरवतात, नंतर जबाबदारी हळूहळू मुलीकडे परत जाते, शेवटी तिच्या वयाच्या इतर प्रश्नांकडे वळायचं. साधारण सहा महिने ते वर्ष लागतं. आपल्याकडे वाढणं ही रोजची रीत असल्यानं हे जमायला हवं, पण चूक होते ती आग्रहात. पंगतीतला आग्रह हसतखेळत, मोठ्यानं, चारचौघांत होतो. इथे आवाज खाली ठेवायचा. "हा घास तुला अवघड जातोय, दिसतंय मला. मी बसलेय. घे." एवढंच, पुन्हा पुन्हा, न चिडता. कॅलरी, वजन, 'चेहरा भरला हो तुझा' यातलं एकही वाक्य नको. तिच्या कानांना शेवटचं कौतुक नापास झाल्यासारखं ऐकू येतं.

मोठ्या मुलींसाठी, एकट्या राहणाऱ्यांसाठी खाण्याच्या विकारांची खास बोधात्मक वर्तन उपचारपद्धती (विचार आणि सवयी दोन्हींवर काम करणारी, सीबीटी) आहे. २० आठवड्यांत २० भेटी, वजन फार उतरलेलं असेल तर ४० पर्यंत. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा भेटतात, कारण सुरुवातीला पकड बसली नाही तर पुढे बसणं कठीण. यात परफेक्शनिझमसाठी वेगळा भाग जोडता येतो आणि तिथे त्या जुन्या वहीकडे परत जावं लागतं.

काम असं चालतं. एक छोटी चूक मुद्दाम करायची. करण्याआधी कागदावर लिहायचं: काय होईल असं वाटतंय, आणि त्यावर किती टक्के विश्वास आहे. मेसेजमध्ये एक शुद्धलेखनाची चूक ठेवून पाठवायचा. पोळी वाकडी लाटायची आणि तीच वाढायची. वहीत एक शब्द खोडून त्याच ओळीत पुढे लिहायचं, पान फाडायचं नाही. मग दोन दिवस थांबायचं, माफी मागायची नाही, दुरुस्त करायचं नाही. तिसऱ्या दिवशी लिहायचं: प्रत्यक्षात काय झालं. पहिल्या दोन-तीन वेळा पोटात गोळा येतो, हात थरथरतो, आणि नेमकं तेव्हाच घरचे 'राहू दे, नको करूस' म्हणून प्रयोग मोडतात. त्यांनी मोडू नये. आणखी एक अडचण म्हणजे मुलगी चूकसुद्धा नीटनेटकी करते, एका रेषेत खोडते. हसू नये, दाखवून द्यावं आणि पुढच्या वेळी डोळे मिटून खोडायला सांगावं. ताठरपणासाठी याच जातीचे छोटे बदल: घड्याळ दुसऱ्या हातात, कॉलेजला वेगळ्या रस्त्यानं, ताटात आधी भात. खाण्यातला बदल त्यानंतर जरा सोपा जातो.

औषधांबद्दल एकच गोष्ट. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचा बुलिमियात उपयोग होतो, पण वजन घटलेल्या मुलीत ते ॲनोरेक्सियावर फारसं चालत नाही. तिचं पहिलं औषध अन्नच.

बोलायला कुणी नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क आणि मराठीतही मिळते. मुलगी तयार नसेल तर आईनं किंवा मैत्रिणीनं फोन करावा. सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते.

उपवासाचं राहिलं. उपचार सुरू असेपर्यंत आणि त्यानंतरही निदान वर्षभर एकही उपवास नको, आणि हे डॉक्टरांपेक्षा आजीनं सांगितलेलं जास्त लागू पडतं. नियम पाळणाऱ्या मुलीला नियम मोड म्हणून उपयोग नसतो. तिला नियमातलाच दुसरा नियम दाखवावा लागतो: आजारी माणसाला, लेकराला, गरोदर बाईला उपवास माफ असतो, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलेलं आहे. चतुर्थीला आजीनं स्वतःचा उपवास धरावा, नातीसाठी दुपारी बाराला वरण-भात-तूप वाढावं, आणि ती जेवेपर्यंत शेजारी पाट मांडून बसावं.